मोटारसायकल टॅक्सी, मोबाईल ॲप आणि चालकाचे जीवनमान

युगांडाची राजधानी कंपाला येथे रहदारीतून वाट काढत वेळेवर पोहोचविणारे साधन म्हणजे 'बोडा-बोडा', अर्थात मोटारसायकल टॅक्सी होय. गोव्यातील पायलटप्रमाणे येथील चालकही प्रवाशास मागे बसवून भाड्याने नेतो. १९६०च्या दशकात युगांडा-केनिया सीमेवरील बुसिया येथे सायकलस्वार प्रवाशांना सीमेपलीकडे नेत असत. 'बॉर्डर टू बॉर्डर' या त्यांच्या हाकेवरून हे नाव पडले, असे मानले जाते.

या व्यवसायात शिरणे सोपे, पण त्यात स्थिरावणे कठीण आहे. अनेक चालकांची मोटारसायकल स्वतःची नसते. मालकाला ठरलेली रक्कम आणि पेट्रोलचा खर्च वजा जाता जे उरेल तेच त्यांचे उत्पन्न. थांब्यावर गिऱ्हाइकाची वाट पाहणे, भाड्याची घासाघीस, अपघाताचे भय आणि प्रवासी बनून आलेल्या चोराकडून गाडी गमावण्याचा धोका, हे सारे त्यात आलेच.

या परिस्थितीत २०१४ मध्ये कंपालात 'सेफबोडा' ही कंपनी सुरू झाली. तिच्या संस्थापकांपैकी रिकी रापा थॉमसन हे स्वतः बोडा चालक होते. कंपनीने चालकांना वाहतुकीचे नियम व प्रथमोपचार शिकविले, नारिंगी हेल्मेट व जाकीट दिले आणि प्रवाशासाठी दुसरे हेल्मेट ठेवावयास लावले. ॲपवर भाडे आधीच कळत असल्याने घासाघीस उरत नाही. प्रवाशाची नोंद राहत असल्याने चालकही अधिक सुरक्षित होतो. अनोळखी माणूस अशा रीतीने ओळखीचा व विश्वासाचा व्यावसायिक ठरतो. ॲपचा खरा लाभ हाच होय.

तथापि, या लाभाला मर्यादा आहेत. प्रत्येक फेरीमागे कंपनी आपला हिस्सा कापते. अनेक कंपन्या स्पर्धेत उतरल्या की भाडी उतरतात. त्यात प्रवाशाचा फायदा होतो, पण त्याचा भार चालकावर पडतो. रवांडाच्या किगाली शहरात जानेवारी २०२२ मध्ये चालक डिजिटल मीटरची सक्ती व त्यातून होणारी कपात यांविरुद्ध रस्त्यावर उतरले. नायजेरियातील लागोसमध्ये फेब्रुवारी २०२० पासून प्रमुख भागांत मोटारसायकल टॅक्सीवर बंदी आली, तेव्हा ॲपचे प्रशिक्षित चालकही तिच्यातून सुटले नाहीत. त्याच वर्षी 'सेफबोडा'ने नैरोबीतील सेवा बंद केली. ॲपने काम मिळते. कामाची हमी मात्र मिळत नाही.

म्हणून केवळ फेऱ्या वाढल्या म्हणजे जीवनमान सुधारले, असे म्हणता येत नाही. युगांडातच 'टुगेंडे' ही कंपनी चालकांना हप्त्यांवर मोटारसायकल देते व हप्ते फिटल्यावर गाडी त्यांच्या मालकीची होते. मालकाला रोज द्यावी लागणारी रक्कम तेव्हा घरात राहते. गाडीची मालकी, कंपनीच्या कपातीला मर्यादा आणि अपघातविमा या तीन गोष्टींची जोड मिळाली, तरच ॲपचा लाभ चालकाच्या कुटुंबापर्यंत पोहोचेल.