पणजोबांची पलटण कुठे गेली?

वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर जैन म्हटलं की अंतरिक्ष पार्श्वनाथ आठवतात, फौज काही आठवत नाही. पण १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं ते कशासाठी, माहीत आहे? हैदराबाद कंटिन्जंट नावाच्या फौजेचा खर्च थकला होता म्हणून! वऱ्हाडचा शेतसारा तिच्या पगाराला लावून दिला गेला. तिची एक छावणी होती शेजारच्या हिंगोलीत. म्हणजे वाशिम-शिरपूरच्या काळ्या रानातली ज्वारी-कपाशी अख्ख्या पलटणी पोसत होती!

पुढे १९०३ मध्ये ही फौज भारतीय सैन्यात मिसळली. तिच्या एका पलटणीचं नाव पडलं ९६वी बेरार इन्फंट्री. नाव वऱ्हाडचं, भरती मात्र बरीचशी उत्तरेकडची. आता समजा, तुमचे पणजोबा नेमके या पलटणीत होते. चौकशीचं पत्र कुठे धाडाल? हिंगोलीला? हैदराबादला? नाही. धाडायचं राणीखेतला, हिमालयात!

कसं काय? सातबारा मागे न्यायचा तर फेरफार वाचावे लागतात ना, तसंच पलटणीचं आहे. १९२२ च्या फेररचनेत बेरार इन्फंट्री १९व्या हैदराबाद रेजिमेंटची दुसरी बटालियन झाली. १९४५ मध्ये त्या रेजिमेंटचंच नाव कुमाऊं झालं, आणि कुमाऊंचं केंद्र आज राणीखेतला आहे. शिपायाचा कागद त्याच्या गावी राहत नाही, पलटणीबरोबर फिरतो. म्हणून सगळ्यात आधी पलटण ओळखायची.

आणि पलटणी कुठून कुठे पोचतात, बघा. पहिल्या महायुद्धात ११०वी मराठा लाइट इन्फंट्री मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुतच्या वेढ्यात अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, उपासमारीचे जवळपास पाच महिने, आणि शेवटी शरणागती. हीच पलटण १९२२ मध्ये ५व्या मराठाची तिसरी बटालियन झाली आणि स्वातंत्र्यानंतर २ पॅरा. ११ डिसेंबर १९७१ रोजी ढाक्याच्या वायव्येला टांगाईलवर आकाशातून छत्र्या उतरल्या, त्या याच पलटणीच्या! ज्यांचे पणजोबा कुतला होते, त्यांनी टांगाईलचं वर्णन जरूर वाचावं. ते घरचंच आहे.

मराठा लाइट इन्फंट्रीचं दप्तर बेळगावला आहे, महार रेजिमेंटचं मध्य प्रदेशात सागरला. यातही एक खोच आहे. १११वी महार पलटण १९१७ मध्ये उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. महार रेजिमेंट नव्याने उभी झाली ती १९४१ मध्ये. तेव्हा ‘आजोबा महार पलटणीत होते’ एवढ्यावर थांबू नका. कोणत्या सालात, ते विचारा.

पलटण कुणालाच आठवत नसेल तर? घरात पहिल्या महायुद्धाचं चांदीचं पदक आहे का, बघा. एका बाजूला पंचम जॉर्जचं तोंड, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. पण या दोन्ही बाजू सोडा आणि पदक उभं धरून त्याची कड उजेडात फिरवा. तिथे बारीक रोमन अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. केवढी माहिती, आणि तीही नाण्याच्या जाडीएवढ्या पट्टीवर!

तो नंबर सापडला की दार उघडतं. भरतीच्या वेळी बापाचं नाव, गाव, तालुका, उंची आणि ओळखीच्या खुणा लिहून घेत. ज्या माणसाचा एकही फोटो घरात नाही, त्याच्या गालावर तीळ होता की कपाळावर व्रण, हे एखाद्या कारकुनाने लिहून ठेवलेलं असू शकतं! मात्र पेन्शन न मिळालेल्या शिपायाची कागदपत्रं साधारण २५ वर्षांनी नष्ट केली जातात. तरीही हताश होऊ नका. ‘लाँग रोल’ नावाची नोंद मागे उरते, आणि भरती कधी झाली, सुटका कधी झाली, एवढं तरी तिच्यातून कळू शकतं. पेन्शन असेल तर आजीचे पेन्शनचे कागद आधी शोधा.

जे परतलेच नाहीत, त्यांची नोंद राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाकडे असते. इराकमधल्या बसरा स्मारकावर इंग्रज शिपायांची नावं कोरली आणि हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार नुसते आकडे. हा अन्याय होता, आणि २०२१ मध्ये आयोगाने तो कबूल केला. आज त्याच्या संकेतस्थळावर हे शिपाई नावानिशी शोधता येतात, कित्येकांच्या बापाच्या आणि गावाच्या नावासकट.

फक्त शोधताना जिल्हा ‘वाशिम’ टाकू नका. आजचा जिल्हा १९९८ चा. त्या काळी वाशिमचं ‘बासिम’ लिहीत. १९०५ पर्यंत तो स्वतंत्र जिल्हा होता, मग अकोल्यात गेला. शिरपूरही जुन्या गॅझेटियरमध्ये ‘सिरपूर, तालुका बासिम, जिल्हा अकोला’ असं आहे. पत्रात दोन्ही पत्ते लिहा, पलटणीचं तेव्हाचं आणि आजचं नाव लिहा, आणि पदकाच्या कडेवरचा नंबर सगळ्यात वर, ठळक लिहा.