उचलून नेता न येणारा ठेवा

अकोट्याच्या मातीतून १९५१ मध्ये जैन धातुमूर्तींचा मोठा संचय हाती आला. त्या ६८ मूर्तींवरील उमाकांत शहा यांचा ग्रंथ १९५९ मध्ये प्रसिद्ध झाला आणि मूर्ती बडोद्याच्या वस्तुसंग्रहालयात सुखरूप पोहोचल्या. मूर्ती अशी उचलून नेता येते. भिंतीवरील चित्रांचे तसे नाही; भिंत पडली की चित्रही गेले. मग घरालाच संग्रहालय मानून जपावे लागते.

श्रोतेहो, अकोट्याहून विश्वामित्री ओलांडून रावपुऱ्यात गेल्यास असे एक घर दिसेल. १८४९ ते १८५४ या काळात बडोदे संस्थानचे दिवाण असलेल्या विठ्ठल खंडेराव ऊर्फ भाऊ तांबेकर यांचा हा वाडा. आज तो पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तलवारी, पालख्या पाहण्याच्या हौसेने जाणारा बहुधा दहा मिनिटांत परततो. कारण येथे पाहावयाच्या त्या भिंतीच. वरच्या मजल्यावर कृष्णलीला आहेत, रामायण-महाभारतातील प्रसंग आहेत, आणि त्यांच्याच शेजारी इंग्रज-मराठ्यांची लढाई व युरोपीय स्त्री-पुरुषही! देवादिकांच्या पंक्तीला हे साहेब कसे, असे वाटेल. परंतु १८०२ च्या तहापासून बडोद्याच्या दरबारात कंपनीचा रेसिडेंट बसलेला होता. दिवाणाचा अर्धा दिवस महाराजांची मर्जी सांभाळण्यात, तर उरलेला साहेबाची समजूत घालण्यात जाई. त्याच्या घरच्या भिंतीवर ही दोन्ही जगे आली, यात नवल ते काय?

घराचे संग्रहालय करण्याची चाल इतरत्रही आहे. दमास्कस येथे तुर्की सुलतानाचा सुभेदार असद पाशा अल-अझम याने अठराव्या शतकाच्या मध्यास बांधलेल्या राजवाड्याची १९२५ च्या फ्रेंच तोफमाऱ्यात नासधूस झाली. पुढे तो दुरुस्त होऊन १९५४ मध्ये तेथे लोककलांचे संग्रहालय उघडले. पाहुण्यांचा चौक वेगळा, जनान्याचा वेगळा. आपली ओसरी व माजघर ठाऊक असणाऱ्यास ती रचना परकी वाटू नये. तेथे दालनांतून पुतळे मांडून जुने जीवन उभे केले आहे. तांबेकर वाड्यात ते काम चित्रेच करतात, आणि मला तरी हेच अधिक बरे वाटते.

या चित्रांचा खरा वैरी पाऊस. छपरातून मुरलेले पाणी गिलाव्यातील क्षार बाहेर आणते. गिलावा फुगतो, आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. घामेजलेल्या बोटांचाही उपद्रव असतोच. तेव्हा पाहावयास जाल तेव्हा दिवसाउजेडी जा, भिंत डावीकडून उजवीकडे सावकाश वाचा, आणि हात मागे बांधून ठेवा.