नाबाद ४५१ नंतर

डिसेंबर २०११. कूचबिहार करंडकात आसामविरुद्ध महाराष्ट्राच्या १९ वर्षांखालील संघाचा एक डावखुरा मुलगा ४६७ चेंडूंत नाबाद ४५१ धावा करून परतला. याच स्पर्धेत १९९९ साली युवराज सिंगने अंतिम सामन्यात काढलेल्या ३५८ धावा तोवर सगळ्यांच्या तोंडी होत्या. आता तोंडी आलं विजय झोल हे नाव, आणि त्याच्यापुढे गाव लागलं जालना. बियाणं, मोसंबी आणि लोखंडी सळया यांच्यासाठी ओळखलं जाणारं हे शहर क्रिकेटच्या बातमीत पहिल्यांदाच एवढ्या ठळक अक्षरांत आलं होतं. कुंडलिकेच्या अलीकडचा जुना जालना काय आणि पलीकडचा नवा जालना काय, पोराचं पुढे काय होणार याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

सतराव्या वर्षी एवढ्या धावा करणाऱ्या मुलाची पारख करायची म्हणजे नेमकं काय पाहायचं? तेव्हापासूनची वर्षं मागे वळून बघताना मला हाच प्रश्न सगळ्यात मोलाचा वाटतो.

विजयला पारखणाऱ्यांनी घाई केली असं मुळीच म्हणता येणार नाही. २०१२ साली ऑस्ट्रेलियात उन्मुक्त चंदच्या नेतृत्वाखाली १९ वर्षांखालील विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता. पुढच्या वर्षी त्याच्याकडे कर्णधारपद आलं आणि डार्विनची तिरंगी मालिका भारताने जिंकली. रणजी पदार्पणातच त्याने द्विशतक ठोकलं. मग ४ जानेवारी २०१४ रोजी शारजात आशिया चषकाचा अंतिम सामना झाला, समोर पाकिस्तान. कर्णधार झोल १००, संजू सॅमसन १००, भारत ३१४ आणि सामना ४० धावांनी खिशात. त्यातला संजू फटकेबाजी करणारा होता, तर विजय एक बाजू लावून धरत डाव बांधणारा. पाकिस्तानविरुद्धच्या अंतिम सामन्यात कर्णधाराने शतक काढावं, याहून वेगळा पुरावा कुठल्या निवड समितीने मागितला असता?

पुढच्याच महिन्यात, १२ आणि १३ फेब्रुवारीला, बंगळुरूत आयपीएलचा मोठा लिलाव झाला. भारताकडून न खेळलेल्या मुलांवरही त्या वर्षी पहिल्यांदा जाहीर बोली लागली. बंगळुरूच्या संघाने युवराजला १४ कोटींना घेतलं आणि विजयला ३० लाखांना. त्याच संघाने हरियाणाच्या एका सडपातळ लेगस्पिनरवर १० लाख लावले. तो युजवेंद्र चहल, पुढे आयपीएलमध्ये सर्वाधिक बळी घेणारा गोलंदाज ठरला. विजयच्या वाट्याला मोजकेच सामने आले.

लिलाव आटोपला तेव्हा भारताचा १९ वर्षांखालील संघ अमिरातीत विश्वचषकाला निघालेला होता. विजय कर्णधार, संजू उपकर्णधार, सोबत श्रेयस अय्यर, कुलदीप यादव, सर्फराज खान, दीपक हुडा. उपांत्यपूर्व फेरीत इंग्लंडविरुद्ध सुरुवातीचे गडी भराभर गेले, झोल आणि हुडाने डाव सावरला, धावसंख्या २२१ पर्यंत पोहोचली आणि तरी इंग्लंडने तीन गडी राखून बाजी मारली. चषक एडन मार्करमच्या दक्षिण आफ्रिकेने नेला.

त्या यादीवर आज नजर टाकावी. त्या फेब्रुवारीत विजयच्या नावावर रणजीतलं द्विशतक होतं आणि श्रेयस अजून मुंबईकडून रणजी खेळायचा होता. दोन वर्षांत श्रेयसने एकाच रणजी हंगामात १३२१ धावा केल्या, २०२४ मध्ये कोलकात्याला आयपीएल जिंकून दिलं आणि त्याच वर्षीच्या लिलावात पंजाबने त्याच्यासाठी २६ कोटी ७५ लाख मोजले. फेब्रुवारी २०१४ मध्ये कागदावर बघून या दोघांतला कोण पुढे जाईल हे सांगायला लावलं असतं, तर जाणत्या माणसानेही विजयकडेच बोट दाखवलं असतं. माझ्या मते ते बोट चुकीचं नव्हतं. कागदावर होतं ते खरंच होतं, फक्त कागदावर सगळं नव्हतं.

पारख करणाऱ्यांचा हा पेच जगभर सारखाच. अमेरिकेतल्या फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक हा खेळ चालवणारा खेळाडू. प्रत्येक चाल त्याच्या हातून सुरू होते आणि चेंडू कुणाकडे फेकायचा हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. तिथे शाळा सुटल्यावर तीन वर्षं झाल्याशिवाय मुलाला व्यावसायिक संघात घेता येत नाही. तोवर त्याचे कॉलेजचे सामने उलटसुलट पाहिले जातात, इंडियानापोलिसला बोलावून त्याची धाव, उडी, हाताचा पंजा असं सगळं मोजलं जातं. एवढं करूनही २००० साली टॉम ब्रेडीच्या आधी सहा क्वार्टरबॅक निवडले गेले आणि त्याचा क्रमांक लागला १९९ वा. चाळीस यार्ड धावायला त्याला सव्वापाच सेकंदांहून जास्त लागले होते. पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. अंगावर धावून येणाऱ्यांच्या गर्दीत शांत डोक्याने निर्णय घेणं घड्याळावर मोजता आलं नव्हतं.

आपल्याकडेही अशी निवड एकदा झाली आहे. मार्च २००८ मध्ये, मलेशियात नुकताच विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांना आयपीएल संघांनी पाळीपाळीने वाटून घेतलं. दिल्लीने आपल्याच शहरातला विराट कोहली सोडून डावखुरा वेगवान गोलंदाज प्रदीप सांगवान घेतला, आणि विराट बंगळुरूला गेला. लोक आज त्यावर हसतात. पण दिल्लीकडे सेहवाग, गंभीर, धवन, डिव्हिलियर्स असताना त्यांना गोलंदाज हवा होता, हे विसरून कसं चालेल? पारख मुलाची जितकी असते तितकीच पारख करणाऱ्याच्या गरजेचीही असते.

मराठवाड्यातल्या पोरांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे आणि ती मला मनापासून खुपते. जिल्ह्याच्या गावात मुलगा बहुधा मॅटवर शिकतो. तिथे चेंडू उसळतो, पण सरळ आणि ठरल्यासारखा. त्यामुळे मागच्या पायावरचे फटके लवकर बसतात. टर्फवर आलं की तोच चेंडू कधी खाली राहतो, तर कधी सकाळच्या ओलाव्यात शेवटच्या क्षणी बाहेर निघतो. ही सवय बदलायला दोन-तीन हंगाम लागतात. मुंबई-पुण्याच्या मुलाला ते हंगाम घरच्या भाकरीवर काढता येतात, रोज टर्फवर सराव मिळतो, हात गेला तर दुसऱ्या दिवशी सावरायला कुणी उभं असतं. जालन्याहून पुणं सुमारे तीनशे किलोमीटर. तिकडे खोली घेऊन राहणाऱ्या मुलाकडे वेळ मोजका असतो आणि वय त्याच्या मागे लागलेलं असतं.

त्यात आपली नजर अडकली आहे १९ वर्षांखालील विश्वचषकावर. तुळजापूरच्या राजवर्धन हंगर्गेकरने २०२२ चा विश्वचषक गाजवला आणि आठवड्याभरातच चेन्नईने त्याला दीड कोटीला घेतलं. जालन्याला लागून असलेल्या बीडच्या सचिन धसने ६ फेब्रुवारी २०२४ रोजी बेनोनीत काय केलं ते अनेकांना आठवत असेल. ३२ धावांत चार गडी गेलेले, समोर २४५ चं लक्ष्य आणि दक्षिण आफ्रिकेचे वेगवान गोलंदाज त्यांच्याच खेळपट्टीवर. उदय सहारनसोबत त्याने १७१ धावांची भागीदारी केली आणि ९५ चेंडूंत ९६ धावा काढल्या. भारत दोन गडी राखून जिंकला. ती खेळी ज्याने पाहिली त्याला मुलाच्या छातीतली ताकद कळली. पण ती पाहून एकोणिसाव्या वर्षीच त्याची किंमत ठरवू नये, आणि पंचविसाव्या वर्षी ‘तो मागे पडला’ असंही कुणी ठरवू नये.

म्हणून मला २०२३ पासून सुरू झालेली महाराष्ट्र प्रीमियर लीग महत्त्वाची वाटते. तिच्या चकचकाटापेक्षा, तिथे वयोगट ओलांडलेले, एकदा नाव होऊन मागे राहिलेले जिल्ह्याजिल्ह्यांतले खेळाडू पुन्हा दिव्यांखाली उतरतात हे मोठं आहे. २३ वर्षांखालील सी. के. नायडू करंडकही तेच काम करतो, पण तो बघायला मैदानावर किती जण असतात? निवड समितीचा एक माणूस जिल्ह्यांच्या निमंत्रित सामन्यांना पूर्ण हंगाम बसावा, धावांसोबत मुलगा कुठल्या खेळपट्टीवर आणि कुणासमोर खेळला याची वहीत नोंद ठेवावी, आणि दोन वर्षांनी त्याच मुलाला पाहायला परत यावं. मराठवाड्यात पुढचा साडेचारशे करणारा मुलगा आज कुठल्यातरी मॅटवर पॅड बांधत असेल, आणि तो पंचवीस वर्षांचा होईल तेव्हाही ती वही उघडी असावी एवढंच मागणं आहे.