घाबरायचे कोणत्या किरणांना?

‘आज मध्यरात्रीनंतर अवकाशातील घातक किरण पृथ्वीजवळून जाणार आहेत, मोबाइल बंद करून अंगापासून दूर ठेवा,’ अशा अर्थाचा संदेश गेली अनेक वर्षे व्हॉट्सअॅपवर फिरतो आहे. नाव बहुधा ‘नासा’चे घेतलेले असते. वाशिम जिल्ह्यातल्या केनवडसारख्या गावात उन्हाळ्यात अंगणात बाज टाकून झोपणाऱ्या कुटुंबाने तो वाचून लेकरांना घरात नेले, तर त्यात नवल नाही. पण त्याच कुटुंबातले मोठे लोक दिवसभर उघड्या डोक्याने, उघड्या डोळ्यांनी शेतात राबलेले असतात आणि त्या उन्हाबद्दल कुणी संदेश पाठवत नाही.

नेमके घाबरायचे कशाला, याचे उत्तर गेल्या काही वर्षांतल्या प्रयोगांनी बरेच स्पष्ट केले आहे. सूर्याकडून उष्णता आणि उजेड येतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याशिवाय आणखी तीन गोष्टी येतात: न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण, विद्युतभारित कण आणि अतिनील किरण. या तिन्हींकडे बघताना वैद्यकातला एक साधा नियम लक्षात ठेवावा. जे शरीरातून आरपार जाते, ते काही बिघडवत नाही. जे शरीरात अडते आणि तिथे आपली ऊर्जा सोडते, तेच पेशींना इजा करते.

बाजेखालून येणारे कण

सूर्याच्या गाभ्यात हायड्रोजनचे हेलियम होते. या अणुमीलनात न्यूट्रिनो तयार होतात आणि साधारण आठ मिनिटांत पृथ्वीवर पोहोचतात. आपल्या अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेतून दर सेकंदाला सुमारे साडेसहा हजार कोटी न्यूट्रिनो जातात. रात्रीही हा ओघ थांबत नाही. सूर्य पृथ्वीच्या पलीकडे असतो तेव्हा ते अख्खी पृथ्वी भेदून, जमिनीतून बाजेखालून वर येतात आणि झोपलेल्या माणसातून आकाशात निघून जातात.

इतक्या प्रचंड संख्येचे शरीरावर काय होते, याचे उत्तर इटलीतल्या ग्रान सासो डोंगराखाली झालेल्या ‘बोरेक्सिनो’ या प्रयोगातून काढता येते. सुमारे १,४०० मीटर खडकाच्या आड ठेवलेल्या, न्यूट्रिनोचा धक्का बसला की क्षणभर चमकणाऱ्या द्रवात हे कण मोजले गेले. सूर्याच्या मुख्य अणुमीलनातून निघालेले न्यूट्रिनो २०१४ मध्ये तिथे थेट पकडले गेले. १०० टन द्रवात त्यांच्या धडका दिवसाला साधारण १३० ते १४० एवढ्याच होत्या. दुसऱ्या एका प्रक्रियेतून येणाऱ्या न्यूट्रिनोंच्या सुमारे ५० धडका त्यात मिळवल्या आणि हाच हिशेब ६० किलोच्या माणसाला लावला, तर आठवड्या-दीड आठवड्यात एखादी धडक पडते. याउलट आपण तूरडाळ, बटाटा, केळी यांतून जे पोटॅशियम खातो, त्यातला एक अगदी छोटा अंश नैसर्गिकरीत्या किरणोत्सारी असतो. त्यामुळे प्रौढ माणसाच्या शरीरात दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणू फुटत असतात. एवढे सोसूनही शरीर आपले काम बिनबोभाट करते. तिथे न्यूट्रिनोची ती एक धडक मोजण्यातही येत नाही.

मग शास्त्रज्ञ त्यांच्या मागे का लागतात? कारण सूर्याच्या गाभ्यातली ताजी खबर फक्त तेच आणतात. गाभ्यातली ऊर्जा प्रकाश होऊन पृष्ठभागावर यायला हजारो वर्षे, काही हिशेबांनी लाखभर वर्षे लागतात. बोरेक्सिनोने न्यूट्रिनोंवरून मोजलेली आजची ऊर्जा आणि सूर्यप्रकाशातून मिळणारी ऊर्जा जुळली. म्हणजे एवढ्या काळात सूर्याची भट्टी फारशी बदललेली नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये चीनमधल्या ‘जुनो’ या २० हजार टन द्रवाच्या यंत्राने काम सुरू केले. न्यूट्रिनो प्रवासात आपले रूप बदलतात. त्याविषयीचे दोन महत्त्वाचे आकडे ‘जुनो’ने पहिल्या ५९ दिवसांच्या नोंदींतूनच आधीपेक्षा सुमारे १.६ पट अचूक मोजले.

या शोधात मुंबईचेही नाव आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी आणि ब्रिटिश सहकाऱ्यांसोबत १९६५ मध्ये कोलारच्या सोन्याच्या खाणीत दोन किलोमीटरहून अधिक खोलवर वातावरणात तयार झालेले न्यूट्रिनो टिपले होते. जगातल्या अशा पहिल्या नोंदींत त्यांची गणना होते.

सौर वादळ आले, तरी छत शाबूत

दुसरा पाहुणा म्हणजे विद्युतभारित कण. ते शरीरात अडतात, पेशींतल्या डीएनएला तोडू शकतात, म्हणून त्यांचा धोका खरा आहे. पण तो अंतराळवीरांना आहे. जमिनीवरच्या माणसाच्या डोक्यावर दोन छते आहेत. पहिले पृथ्वीच्या चुंबकत्वाचे, जे या कणांना वळवते. दुसरे हवेचे. आपल्या प्रत्येक चौरस मीटर जागेवर सुमारे दहा टन हवा उभी आहे. किरण अडवण्याच्या बाबतीत ती दहा मीटर खोल पाण्याच्या तोडीची ठरते.

१० आणि ११ मे २०२४ रोजी गेल्या दोन दशकांतले सर्वांत तीव्र सौर वादळ पृथ्वीवर आदळले. लडाखमधल्या हानले येथून आकाशात लालसर प्रकाश दिसला. भारताच्या ‘आदित्य-एल१’ यानावरच्या उपकरणांनी त्या वादळातल्या कणांची नोंद केली. अशा वादळांचा फटका उपग्रह, रेडिओ संपर्क आणि वीजवाहिन्यांना बसतो. मार्च १९८९ मध्ये कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात त्यामुळे सुमारे नऊ तास वीज गेली होती. जमिनीवर झोपलेल्या माणसाला मात्र त्यातून इजा होत नाही. मोबाइल बंद ठेवण्याचा तर याच्याशी काडीचाही संबंध नाही.

हे छत कधी किंचित विरळ होते का? उटीजवळच्या ‘ग्रेप्स-३’ या टाटा संस्थेच्या प्रयोगाने त्याचीही नोंद केली आहे. अवकाशातले वेगवान कण हवेवर आदळले की म्युऑन नावाचे कण तयार होऊन जमिनीपर्यंत येतात. २२ जून २०१५ च्या सौर वादळात उटीच्या यंत्राला म्युऑनची संख्या सुमारे दोन तास वाढलेली दिसली. पृथ्वीचे चुंबकीय कवच काही काळ कमकुवत झाल्याचा तो पुरावा होता. तरीही ती वाढ अतिशय थोडी होती. एरवीही आपल्या तळहातातून सेकंदाला एखाद-दुसरा म्युऑन जातच असतो. अवकाशातून येणाऱ्या सगळ्या किरणांचा जमिनीवरच्या माणसाला वर्षभरात मिळणारा जागतिक सरासरी डोस ०.३९ मिलिसिव्हर्ट आहे. हवा, जमीन आणि अन्न यांतून येणारे किरण धरले, तर एकूण नैसर्गिक डोस २.४ मिलिसिव्हर्ट होतो.

पुण्याची दुर्बीण काय बघते?

तिसरा पाहुणा अतिनील किरण. तो कातडीत आणि डोळ्यांत अडतो. त्याचा अभ्यास करणारी दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेने तयार केली आहे. २ सप्टेंबर २०२३ रोजी श्रीहरिकोटाहून निघालेले आदित्य-एल१ यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या आपल्या जागी पोहोचले. त्यावरच्या सात उपकरणांपैकी ‘सूट’ ही ती दुर्बीण. ती २०० ते ४०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या अतिनील किरणांत पूर्ण सूर्यबिंबाची चित्रे घेते. २२ फेब्रुवारी २०२४ रोजी सूर्यावर प्रचंड स्फोट झाला, तेव्हा सूर्याच्या खालच्या थरांत नेमकी कुठे आणि किती झळाळी वाढली, हे या दुर्बिणीने तपशिलात टिपले.

ही दुर्बीण एवढ्या लांब का पाठवावी लागली? कारण या पट्ट्यातले बरेच किरण ओझोनच्या थरात अडतात आणि जमिनीवरून दिसतच नाहीत. खगोलशास्त्रज्ञांची ही अडचण हाच आपला जीव वाचवणारा पडदा आहे. २८० नॅनोमीटरपेक्षा कमी लांबीचे सर्वांत घातक किरण तो पूर्ण अडवतो. २८० ते ३१५ दरम्यानचे ‘बी’ किरण बहुतांश अडवतो, थोडे सोडतो. ३१५ ते ४०० चे ‘ए’ किरण जवळजवळ सगळे खाली येतात.

एक गैरसमज इथेच दूर करावा. सूर्यावर स्फोट झाला म्हणून दुसऱ्या दिवशी गावातले अतिनील किरण वाढत नाहीत, आणि मे महिन्यात विदर्भ तापतो तो सूर्यावरच्या डागांमुळे नव्हे. सुमारे अकरा वर्षांच्या चक्रात सूर्याच्या एकूण ऊर्जेत फरक पडतो तो ०.१ टक्क्याच्या आसपास. आपल्या अंगावर किती अतिनील किरण पडतात, हे सूर्य डोक्यावर किती चढला आहे, ओझोन किती आहे आणि ढग-धूळ किती आहे, यावर ठरते.

सावलीवरून ओळखा

अतिनील किरण डोळ्यांना दिसत नाहीत आणि त्यांची उष्णताही जाणवत नाही. म्हणून वारा सुटला किंवा आभाळ आले की ऊन कमी झाले, असे वाटते. पातळ ढगांतून हे किरण बऱ्याच प्रमाणात खाली येतात. जून-जुलैत निंदण, डवरणीच्या दिवसांत अंग भाजत नाही, पण डोळ्यांवरचा मारा सुरूच असतो.

सावली हे त्याचे सोपे माप आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ‘बी’ किरण भरपूर आहेत. केनवडच्या अक्षांशावर मे महिन्यात ही वेळ सकाळी नऊच्या सुमारासच सुरू होते. डिसेंबरात ती दुपारी बाराच्या मागेपुढे थोडाच वेळ येते.

‘ड’ जीवनसत्त्वाचे गणितही यातच आहे. ‘कोवळ्या उन्हात बसा’ हा सल्ला घरोघरी दिला जातो. सकाळच्या लांब सावलीच्या उन्हात ‘बी’ किरण फार कमी असतात, त्यामुळे त्यातून हे जीवनसत्त्व नावापुरतेच तयार होते. काचेआडच्या उन्हातून तर जवळजवळ नाहीच. हिवाळ्यात दुपारी, उन्हाळ्यात नऊ-साडेनऊला, हात-पाय उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चार दिवस वीस ते तीस मिनिटे ऊन घेतले, तर बहुतेक निरोगी माणसांना त्याचा फायदा होतो. सावळ्या कातडीला थोडा जास्त वेळ लागतो. उन्हाळ्याच्या भर दुपारी मात्र हा प्रयोग करू नये. उष्माघाताचा धोका वेगळा आहे आणि तो काही तासांत जीव घेऊ शकतो. ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांना न विचारता महिनोन्‌महिने घेऊ नये. रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा झालेले रुग्ण आढळतात.

सावळ्या कातडीतले मेलॅनिन कातडीच्या कर्करोगापासून बरेच संरक्षण देते. डोळ्याला तसे कवच नाही. बुबुळावरचा पारदर्शक पडदा आणि आतले भिंग हे किरण अडवतात, म्हणून मागचा पडदा वाचतो. पण अडवण्याची किंमत भिंगालाच मोजावी लागते. मोतीबिंदूच्या अनेक कारणांत वर्षानुवर्षांचे ऊन हे एक कारण आहे. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारी मांसल वाढ, म्हणजे टेरिजियम, उन्हात आणि धुळीत राबणाऱ्यांमध्ये जास्त दिसते.

उपाय खर्चिक नाहीत. रुंद काठाची टोपी किंवा कपाळावर पुढे आलेला रुमाल किंवा पदर, पूर्ण बाह्यांचे कपडे, आणि जमल्यास अतिनील किरण अडवणारा चष्मा. नुसती काळी काच उपयोगाची नाही. तिच्याआड बाहुली मोठी होते आणि काच किरण अडवत नसेल, तर उलट जास्त किरण आत जातात. सोंगणीच्या दिवसांत शक्य तेवढे काम सकाळी आणि चारनंतर उरकावे. नजर धुरकट झाली, रात्री दिव्याभोवती वलये दिसू लागली किंवा बुबुळाकडे मांस सरकताना दिसले, तर जवळच्या ग्रामीण रुग्णालयात डोळे तपासून घ्यावेत. चाळिशीनंतर उन्हात काम करणाऱ्यांनी तक्रार नसली, तरी वर्षातून एकदा ही तपासणी करावी. आणि मध्यरात्रीच्या घातक किरणांचा संदेश पुन्हा आला, तर तो पुढे पाठवू नये.