घरगुती काढे आणि चूर्णं: कशासाठी, किती दिवस आणि कोणी टाळावीत?

काही महिन्यांपूर्वी माझ्या दवाखान्यात पंचावन्नच्या आसपासच्या एक मावशी आल्या. रक्तदाबाची गोळी वर्षानुवर्षं चालू होती आणि दाबही ताब्यात असायचा. त्या दिवशी मात्र तो 176/104 निघाला. पायांवर थोडी सूज होती आणि रात्री पोटऱ्यांत गोळे येत होते. "डॉक्टर, गोळी एक दिवस चुकवली नाही," असं त्या ठामपणे म्हणाल्या. दुसरं काही औषध घेता का, असं विचारलं, तर उत्तर आलं "नाही". थोडा वेळ बोलल्यावर सोबतच्या सुनेनं सांगितलं, "कोरोनापासून रोज सकाळी काढा घेतात की. तीन महिने झाले, त्यात ज्येष्ठमध घालतोय, घशाला बरं म्हणून."

मावशींना आश्चर्य वाटलं. काढ्याला औषध म्हणायचं कशाला, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

हा लेख त्याबद्दलच आहे. घरगुती वनस्पतींचे उपाय वाईट नसतात. त्यातले काही मी स्वतः रुग्णांना सुचवतो. पण ज्याचा शरीरावर परिणाम होतो, ते औषधच असतं. म्हणून कोणतंही औषध घेताना विचारायचे प्रश्न इथेही विचारावे लागतात: कशासाठी, किती, किती दिवस आणि कोणी घेऊ नये?

"या उपायानं बरं वाटलं" म्हणजे नेमकं काय?

रोजचे बरेचसे त्रास आपोआप बरे होणारे असतात. साधी सर्दी सात ते दहा दिवसांत जाते. विषाणूमुळे झालेले जुलाब बहुतेकदा काही दिवसांत थांबतात. मूत्रमार्गातले पाच मिलिमीटरपेक्षा लहान खडे बहुतेक वेळा लघवीवाटे आपणहून पडतात. या काळात आपण पानफुटीची पानं खाल्ली किंवा सुंठेचा काढा घेतला, तर श्रेय त्या उपायाला मिळतं.

यात नुकसान नाही, फक्त एक धोका आहे. तो समजण्यासाठी काविळीचं उदाहरण घेऊ. 2012 साली आपल्या इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली होती. दूषित पाण्यातून पसरणारी अशी कावीळ (हिपॅटायटिस ए किंवा ई) बहुतेकांमध्ये विश्रांती आणि साध्या आहारानं काही आठवड्यांत उतरते. त्यामुळे गावठी औषध घेतलेल्या बहुतेकांना गुण येतोच. पण हिपॅटायटिस ई गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकतो. पित्तनलिकेत खडा किंवा गाठ अडकूनही कावीळ होते आणि ती कोणत्याही मुळीनं उतरत नाही. बाहेरून डोळे सारखेच पिवळे दिसतात. फरक रक्ततपासणी आणि सोनोग्राफीतच कळतो. अशा वेळी उपाय निरुपद्रवी असला, तरी त्यात गेलेला वेळ महागात पडतो.

कोणत्या त्रासाला काय चालतं?

*सर्दी, घसा, खोकला.* ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्या, तर घशाला आराम पडतो. आलं-तुळशीचा चहा चालतो. एक वर्षावरील मुलांना झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिला, तर रात्रीचा खोकला कमी होतो, असं अभ्यासांतही दिसलं आहे. वाफ घेताना मुलांना उकळत्या पाण्याच्या भांड्याजवळ बसवू नका. भांडं कलंडून भाजलेली मुलं आम्ही डॉक्टर पाहत असतो.
मर्यादा: खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, तर काढा बदलू नका, थुंकी तपासून घ्या. क्षयरोगाची ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. धाप लागली, थुंकीत रक्त दिसलं किंवा ताप तीन दिवसांत उतरला नाही, तर त्याआधीच या.

*बद्धकोष्ठता.* इसबगोल चांगला. एक ते दोन चमचे पूर्ण ग्लासभर पाण्यात कालवून लगेच प्यावा आणि दिवसभर पाणी भरपूर घ्यावं. कमी पाण्यात घेतला तर तो घशात किंवा आतड्यात अडकू शकतो. इतर गोळ्या आणि इसबगोल यांच्यात दोन तासांचं अंतर ठेवा. पोट साफ करणाऱ्या अनेक चूर्णांत सोनामुखी असते. ती आतड्याला जोर देऊन काम करते. दोन-चार दिवस ठीक, पण वर्षानुवर्षं रोज घेऊ नये.
मर्यादा: शौचातून रक्त, कारण नसताना वजन घटणं किंवा पन्नाशीनंतर अचानक बदललेली शौचाची सवय दिसली, तर चूर्ण नको, तपासणी हवी.

*जुलाब.* भाताची पेज, ताक, लिंबूपाणी हे सगळं चालेल, पण मुख्य औषध ओआरएस. पाकीट घरात नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घाला. मापं नेहमीच्या छोट्या चहाच्या चमच्यानं घ्या. लहान मुलांना सोबत झिंकही द्यावं लागतं, ते डॉक्टरांना विचारून सुरू करा.
मर्यादा: लघवी कमी होणं, मूल मलूल पडणं, शौचात रक्त किंवा थांबत नसलेल्या उलट्या असतील, तर त्याच दिवशी दवाखान्यात या.

*मळमळ.* आल्यानं मळमळ कमी होते. गरोदरपणातल्या सकाळच्या मळमळीतही त्याचा उपयोग दिसला आहे. स्वयंपाकात किंवा चहात वापरतो तेवढं आलं पुरे. आल्याच्या कॅप्सूल गरोदर स्त्रीनं स्वतःच्या मनानं घेऊ नयेत.

*भाजणं आणि जखमा.* भाजल्यावर हळद, टूथपेस्ट, शाई काही लावू नका. वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरा. साध्या, फोड न आलेल्या ठिकाणी नंतर कोरफडीचा स्वच्छ गर चालतो. जखमेत हळद भरल्यानं धनुर्वात टळत नाही. जखम साबण-पाण्यानं धुवा आणि धनुर्वाताची लस केव्हा घेतली होती ते पाहा.

"पित्त झालंय" म्हणण्याआधी

आपल्याकडे झणझणीत जेवणानंतर छातीत जळजळलं की ओवा-काळं मीठ, थंड दूध किंवा सोडा ठरलेला. जळजळ असेल तर हरकत नाही. पण हृदयविकाराचा झटकासुद्धा अनेकदा "गॅस" किंवा "पित्त" अशाच रूपात येतो, विशेषतः मधुमेही, वयस्कर आणि स्त्रियांमध्ये.

छातीवर दाब किंवा आवळल्यासारखं वाटणं, दुखणं डाव्या हातात, जबड्यात किंवा पाठीत जाणं, दरदरून घाम, धाप किंवा चालल्यावर वाढणारं दुखणं, यातलं काही असेल तर ओव्याचा परिणाम बघत बसू नका. 108 ला फोन करा किंवा ईसीजीची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात जा. झटक्याच्या पहिल्या काही तासांत उपचार मिळाले तर हृदयाचा स्नायू वाचतो. गाडी स्वतः चालवत जाऊ नका.

गुळवेलीनं काय शिकवलं?

कोरोनाच्या काळात घराघरांत गुळवेलीचा काढा सुरू झाला. 2020 च्या सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना यकृताला सूज आलेले सहा रुग्ण आढळले. त्या सगळ्यांनी गुळवेल घेतली होती. हा अहवाल 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानंतर देशातल्या 13 केंद्रांनी मिळून असे 43 रुग्ण नोंदवले. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत त्यांच्यात साधारण दीड महिना गेला होता. काहींमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच यकृतावर हल्ला करते, तसा आजार दिसला. थायरॉइड किंवा मधुमेहासारखे आजार आधीपासून असलेलेही त्यांच्यात होते.

आयुष मंत्रालयानं हा निष्कर्ष मान्य केला नाही. गुळवेलीसारखीच दिसणारी दुसरी वेल चुकून वापरली जाऊ शकते आणि योग्य गुळवेल सुरक्षित आहे, असं मंत्रालयाचं म्हणणं आहे. हा वाद तज्ज्ञांचा आहे. तुमच्या-माझ्यासाठी दोन्ही बाजूंतून एकच सल्ला निघतो. कुंपणावरची वेल ओळखीच्या माणसानं आणून दिली, एवढ्यावर ती महिनोन्महिने उकळून पिऊ नका. घ्यायचीच असेल तर नोंदणीकृत वैद्यांच्या सल्ल्यानं, ठरावीक दिवस घ्या. यकृताचा, संधिवाताचा किंवा प्रतिकारशक्तीशी संबंधित आजार असेल तर टाळा. डोळे पिवळे, लघवी गडद, भूक मेलेली, अंगाला खाज अशी लक्षणं दिसली की काढा त्याच दिवशी बंद करा आणि यकृताची तपासणी करून घ्या.

यांनी जास्त जपावं

• *रक्तदाबाचे रुग्ण:* ज्येष्ठमधामुळे शरीरात मीठ आणि पाणी साठतं आणि पोटॅशियम लघवीवाटे निघून जातं. त्यामुळे दाब वाढतो, पाय सुजतात, स्नायूंत गोळे येतात, हृदयाचे ठोकेही बिघडू शकतात. खोकल्याच्या अनेक तयार काढ्यांत ज्येष्ठमध असतं. बाटलीवर वाचून बघा.

• *मधुमेही:* मेथी, कारलं, जांभळाच्या बियांची पूड यांनी साखर थोडी उतरू शकते. गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना ती एकदम खूप उतरण्याची भीती असते. त्याहून मोठी चूक म्हणजे पूड सुरू करून गोळ्या बंद करणं. आणि काढ्यात कोल्हापुरी गूळ किंवा मध घातला, तर ती साखरच आहे.

• *रक्त पातळ करणारी औषधं घेणारे:* हळदीच्या किंवा लसणाच्या कॅप्सूल, आल्याचे अर्क यांनी रक्तस्राव वाढू शकतो. भाजी-आमटीतल्या हळदीची काळजी नको. शस्त्रक्रिया ठरली असेल तर या गोष्टी किमान दोन आठवडे आधी डॉक्टरांना सांगा.

• *मूत्रपिंडाचे रुग्ण:* कोणताही रस, काढा किंवा भस्म विचारल्याशिवाय नको.

• *लहान बाळं:* एक वर्षाच्या आत मध चाटवूसुद्धा नका. मधातल्या जिवाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडणारा गंभीर आजार होऊ शकतो. पहिले सहा महिने फक्त आईचं दूध. गुटीतलं जायफळ जास्त उगाळलं गेलं तर बाळ गुंगीत जातं. आजीला ते "शांत झोपलं" असं वाटतं. कापूर बाळाच्या नाकाजवळ लावू नका आणि हाताला लागेल असा ठेवू नका. थोडा कापूर पोटात गेला तरी मुलांना झटके येऊ शकतात.

पुडीत काय आहे?

गुडघेदुखी किंवा दम्यावर नाव नसलेली पुडी घेतली आणि दोन दिवसांत जादू झाली, तर आनंदाआधी शंका घ्या. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळतं. महिनोन्महिने घेतल्यावर चेहरा सुजतो, साखर आणि दाब वाढतो, हाडं ठिसूळ होतात. मग पुडी अचानक बंद केली तरी धोका असतो, म्हणून ती डॉक्टरांना दाखवूनच बंद करा. विकत घेताना पाकिटावर घटक, उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि मुदत छापलेली आहे ना, ते पाहा.

दुधी भोपळ्याचा रस पिणाऱ्यांनी आधी एक थेंब चाखावा. कडू लागला तर ओतून द्या. कडू रसानं रक्ताच्या उलट्या आणि मृत्यूही झाले आहेत.

डॉक्टरांना कसं सांगाल?

आम्ही "काही औषध चालू आहे का?" असं विचारतो आणि तुम्ही "नाही" म्हणता. यात चूक आमचीही आहे. आम्ही काढा, चूर्ण, रस, गुटी ही नावं घेऊन विचारायला हवं. आणि कधीकधी रुग्ण रागावले जाण्याच्या भीतीनं लपवतात, तेही आमच्या बोलण्यामुळेच. तुम्ही एवढं करा: घरी जे काही घेता त्याची बाटली, पाकीट किंवा पुडी पिशवीत घालून सोबत आणा. केव्हापासून आणि दिवसातून किती वेळा, ते कागदावर लिहा.

आणि घरी उपाय सुरू करतानाच मुदत ठरवा. सर्दीसाठी आठवडा, मळमळीसाठी दोन दिवस. त्या मुदतीत फरक पडला नाही, तर उपाय बदलण्याऐवजी तपासून घ्या. बरं वाटलं तरी तो बंद करा. "चांगलं असतं म्हणून" रोज घ्यायचं औषध घरच्या घरी ठरवू नये.

त्या मावशींच्या रक्तात पोटॅशियम कमी निघालं. काढा बंद केला, काही दिवस पोटॅशियमचं औषध दिलं, रक्तदाबाची गोळी मात्र तीच ठेवली. तीन आठवड्यांनी दाब 138/84 होता आणि गोळे थांबले होते. जाताना त्यांनी विचारलं, "मग सकाळी काय पिऊ?" मी म्हटलं, आलं घातलेला चहा प्या, साखर कमी. त्यावर त्या म्हणाल्या, "तो तर मी पीतच होते की."