शंखात राहणारा खेकडा

आपल्या लोह्याकडे ओढ्याकाठी खेकडा दिसतो. शाळेत आम्ही मुलांना त्याचे पाय मोजायला लावत असू. तुम्हीही मोजा. दोन नांग्या धरून दहा भरतील.

समुद्रात त्याचे पुष्कळ भाऊबंद आहेत. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर कधी शंखच चालू लागतो. आत खेकडा असतो! शंख मात्र त्याचा नव्हे. तो मेलेल्या समुद्री गोगलगायीचा. या खेकड्याचे पोट मऊ असते, त्यावर कवच नसते. म्हणून तो रिकामा शंख शोधून त्यात शिरतो. मागचे चार पाय बारीक असतात. त्यांनी शंख आतून घट्ट धरतो आणि घर पाठीवर घेऊन हिंडतो. अंग वाढले की मोठे घर बघतो.

निकोबार बेटांवर नारळ-खेकडा आहे. तो लहानपणी शंखात राहतो. अंग टणक झाले की शंख सोडतो. वजन ४ किलोपर्यंत भरते. १९७२ च्या कायद्याने त्याला मारायला बंदी आहे. थंड समुद्रातला राजा-खेकडा त्याहून मोठा. त्याचेही पूर्वज शंखातच राहत, असे शास्त्रज्ञ सांगतात. त्याचे आठच पाय दिसतात. दोन आत दडलेले असतात.

कोकणात गेल्यावर पोरे रिकामे शंख खिशात भरतात. आपल्याला ते खेळणे, खेकड्याला ते घर. घर मिळाले नाही तर पक्षी नि मासे त्याला खातात. शंखाऐवजी बाटलीच्या टोपणात शिरलेले खेकडेही लोकांनी पाहिले आहेत. म्हणून शंख हातात घ्या, बघा, आणि तिथेच ठेवा.