घरपट्टीचा आकडा कोठे ठरतो?

मुंबईचा रे रोड व त्याच नावाचे हार्बर मार्गावरील स्थानक यांनी लॉर्ड रे यांचे नाव जागते ठेविले आहे. 1885 ते 1890 या काळात ते मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते आणि त्यांच्याच कारकिर्दीत, 1888 साली, मुंबईच्या महापालिकेचा कायदा मंजूर झाला. फिरोजशहा मेहता व काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांनी त्या मसुद्यावर बरेच परिश्रम घेतले. पुढे दुरुस्त्या पुष्कळ झाल्या. परंतु रे रोडवरील घरमालकाच्या हाती पडणारे घरपट्टीचे बिल निघते ते त्याच कायद्याच्या आधाराने.

हा आकडा महापालिकेच्या कचेरीत ठरतो, असा सर्वसाधारण समज आहे. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. सरकारला तुटीचे अंदाजपत्रक मांडता येते. महापालिकेला कायद्याने ती मुभा नाही. वर्षअखेर तिच्या तिजोरीत शिल्लक दिसलीच पाहिजे. अर्थात वरच्या सरकारने एखादा खर्च तिच्या माथी मारला किंवा उत्पन्नाचे एखादे साधन काढून घेतले, तर ती उणीव करदात्याकडून तरी भरून काढावी लागते, नाही तर रस्ते, गटारे व दवाखाने यांच्या खर्चाला कात्री लावावी लागते.

या ओढाताणीचा जुना दाखला पोलीसखर्चाचा आहे. शहराच्या पोलिसांवर हुकमत सरकारची आणि खर्चाचा वाटा मात्र नगरपालिकेचा, अशी व्यवस्था कित्येक वर्षे चालू होती. ज्याच्यावर आपला अधिकार नाही त्याचा पगार आपण का भरावा, हा नागरिकांचा प्रश्न रास्तच होता. अखेर 1907 च्या कायद्याने पोलिसांचा खर्च सरकारने पत्करला आणि मोबदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय मदत यांचा भार नगरपालिकेकडे आला. सौदा वरवर समसमान दिसतो. परंतु शाळा व इस्पितळे यांचा खर्च वस्तीबरोबर वाढतच जाणारा, हे कोणाही गृहस्थाला कळण्यासारखे आहे.

अलीकडचा दाखला जकातीचा. जकात हे मुंबई महापालिकेच्या उत्पन्नाचे सर्वांत मोठे साधन होते. मुलुंड व दहिसर येथील नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि जकात बंद पडली. हा निर्णय दिल्लीचा व राज्यांचा. त्यात महापालिकेला मत नव्हते. राज्याने भरपाईचा कायदा केला, दरवर्षी 8 टक्के वाढीची तरतूद केली, आणि त्याच महिन्यात सुमारे 647 कोटी रुपयांचा पहिला हप्ता दिला. हप्ते येत राहिले, हे कबूल केलेच पाहिजे. तथापि स्वतः वसूल केलेला कर आणि दुसऱ्याच्या तिजोरीतून येणारा हप्ता यांत अंतर आहे. केंद्राने राज्यांना दिलेली भरपाईची हमी पाच वर्षांचीच होती. ती जून 2022 मध्ये संपली. महापालिकेच्या हप्त्याचा भार त्यानंतर राज्याच्या स्वतःच्या उत्पन्नावर राहिला. जकात गेल्यावर महापालिकेच्या स्वतःच्या करांत घरपट्टीच मुख्य उरली.

आणि ती तरी पूर्णपणे तिच्या हाती आहे काय? 2010 पासून मुंबईत घरपट्टी भाड्याऐवजी भांडवली मूल्यावर आकारली जाऊ लागली. त्या मूल्याला आधार राज्य सरकारच्या ‘रेडी रेकनर’चा, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठी सरकारने ठरविलेल्या दरांचा. 1 जानेवारी 2022 पासून 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना घरपट्टी माफ झाली. महापालिकेतील सत्तारूढ पक्षानेच तसे वचन दिले होते, हे सांगितले पाहिजे. पण माफीचा कायदा राज्याचा आणि उत्पन्न घटले ते महापालिकेचे.

उलट, बिलात असेही रकाने आहेत की ज्यांची वसुली महापालिका करते आणि पैसा राज्याकडे जातो. राज्य शिक्षण उपकर हा त्यांपैकी एक. रे रोडजवळच्या दारुखान्यातील लोखंडाच्या वखारीला याखेरीज रोजगार हमी उपकर पडतो. तो बिगर-निवासी जागांवर आहे. मुंबईच्या वखारीतून निघालेला रुपया असा खेड्यातील बांधावर वा रस्त्यावर राबणाऱ्या मजुराच्या कामी येतो. त्यात गैर काहीच नाही. मात्र बिल पाहून चिडलेला व्यापारी भांडतो तो वॉर्ड कचेरीतील कारकुनाशी.

राहता राहिली खुद्द रेल्वेची जमीन. राज्यघटनेच्या 285 व्या कलमान्वये केंद्र सरकारच्या मालमत्तेवर, संसदेने अन्यथा ठरविल्याखेरीज, स्थानिक कर बसत नाही. 1950 पूर्वीपासून चालत आलेल्या काही करांपुरता अपवाद आहे. कर नाही, तरी पाणी, दिवे व सफाई लागतेच. म्हणून सेवाशुल्काची तडजोड निघाली. राजकोट महापालिकेच्या दाव्यात 2009 साली सर्वोच्च न्यायालयापुढे तिचे प्रमाण ठरले: सर्व सेवा घेतल्यास घरपट्टीच्या 75 टक्के, काही घेतल्यास 50, एकही न घेतल्यास एकतृतीयांश. शेजारच्या खाजगी घरमालकाला अशी पायरी नाही. माफीच्या मर्यादेबाहेरचे घर असेल तर त्याला पूर्ण रक्कम भरावी लागते.